डक्टची किल्ली : कळंबा रोडवरच्या एका गृहसंकुलाचं इंटरनेट प्रकरण

"डक्ट भरलाय काका. एक दोरा घालतो म्हणालासा तरी जागा न्हाई." २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या पार्किंगमध्ये उभं राहून केबलवाल्याने मला हे सांगितलं आणि मी ते दोन महिने खरं मानलं. माझी उभी नोकरी टेलिफोनच्या लाइनवर गेली. डक्टचं, म्हणजे इमारतीत वायरी वर नेणाऱ्या उभ्या पोकळीचं, दार न उघडता मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, याची मला आजही खंत वाटते. पुढचं सगळं प्रकरण त्या बंद दाराभोवतीच फिरलं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

संकुल कोल्हापुरात कळंबा रोडच्या बाजूला आहे. तीन विंग, प्रत्येक विंगमध्ये ३२ घरं, एकूण ९६. ताबा २०१४ मध्ये मिळाला आणि संस्था पुढच्या वर्षी नोंदवली. २०२१ पासून मी सचिव. पहिल्या दिवसापासून संकुलात टीव्ही आणि पुढे इंटरनेट देणारा व्यावसायिक एकच. त्याला इथे 'पहिला' म्हणतो. २०२२ मध्ये आत येऊ पाहणारा तरुण 'दुसरा', आणि नंतर आलेली मोठी कंपनी 'तिसरी'. नावं कुणाचीच देत नाही, कारण ही माणसं रोज भेटणारी आहेत आणि मुद्दा त्यांच्या स्वभावाचा नाही.

पहिल्याबद्दल आधी नीट सांगितलं पाहिजे. माणूस पेठेतल्या तालमीतला, बोलायला मोकळा. आमच्या गणपतीला त्याची वर्गणी सगळ्यांत आधी यायची. क्रिकेटचा मोठा सामना असला की पार्किंगमध्ये पडदा आणि लाइन तो फुकट लावून द्यायचा. २०१४ मध्ये इथे आसपास उसाची शेतं होती आणि कुठलीही मोठी कंपनी यायला तयार नव्हती. तेव्हा त्याने मुख्य रस्त्यावरून स्वतःच्या पैशाने केबल आणली. ही गोष्ट मी सभेतही वारंवार सांगितली, कारण एकाधिकार म्हटलं की लोक लगेच लुटारू शोधायला लागतात. इथे लुटारू कुणी नव्हता. जो आधी आला त्याच्या हातात किल्ली राहिली आणि ती परत मागायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच.

तक्रारी सुरू झाल्या २०२० मध्ये. टाळेबंदीत घराघरांत शाळा भरली, पुण्यातली मुलं लॅपटॉप घेऊन घरी आली आणि संध्याकाळी सातनंतर लाइन रांगायला लागली. मग जुलै २०२१ चा पूर आला. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी या दोन्हींच्या कितीतरी वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. आमची लाइन चार दिवस मेली. पुरात लाइन जाणं हा कुणाचा दोष नाही. पण त्या चार दिवसांत ज्यांचं काम अडलं, त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता आणि ही बोच लोकांच्या मनात राहिली.

वर्षभराने दुसरा आला. उचगावकडचा पोरगा. एका परवानाधारक कंपनीची फ्रँचायझी घेतलेली, हाताखाली दोन मुलं. बी विंगमधल्या अकरा घरांनी त्याला लेखी मागणी दिली होती. त्याला आमच्याकडून एकच गोष्ट हवी होती : तळमजल्यापासून प्रत्येक मजल्यापर्यंत जाणाऱ्या डक्टमधून एक केबल.

पहिल्याने तीन कारणं सांगितली. बिल्डरबरोबर त्याचा पंधरा वर्षांचा करार आहे, डक्ट भरलेला आहे, आणि दुसऱ्याच्या पोरांनी आत हात घातला तर त्याच्या लाइनी तुटतील, जबाबदारी कोण घेणार? तिन्ही कारणं ऐकायला रास्त वाटतात. एकेक तपासली तेव्हा तिघांची जात वेगळी निघाली.

करार खरा होता. संस्थेच्या जुन्या कपाटात त्याची झेरॉक्स सापडली. बिल्डरने ठोक रक्कम घेऊन 'सर्व केबल व दूरसंचार सेवां'साठी संकुलाची वाट एकट्या पहिल्याला दिली होती. ९६ घरांपैकी एकाचीही त्यावर सही नव्हती आणि संस्था तर तेव्हा जन्मालाच आली नव्हती. आमची इमारत रेराच्या, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या नव्या कायद्याच्या, आधीची, म्हणून १९६३ चा मोफा हा फ्लॅट-मालकीचा कायदा लागू. मानीव अभिहस्तांतरण होऊन जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर आलेली. वकिलांनी पार्किंगच्या निकालाकडे बोट दाखवलं. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये सांगितलं होतं की इमारतीखालचं पार्किंग हा सामाईक जागेचा भाग आहे आणि बिल्डरला ते वेगळं विकता येत नाही. वकिलांचं म्हणणं असं की जे पार्किंगला लागू, ते डक्टला का नाही? बिल्डरने दिलेला शब्द बिल्डरला बांधील, आम्हाला नाही. हे त्यांचं मत होतं, निकाल नव्हे. पण तेवढ्याने समितीच्या पायाखाली जमीन आली.

डक्टचं कारण आम्ही ऑक्टोबरमध्ये तपासलं. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर जिन्याशेजारी पत्र्याचं अरुंद दार आहे. किल्ली पहिल्याच्या पोराकडे असायची. तो आला, कुलूप निघेना, शेवटी तेल सोडून काढलं. आत टॉर्च मारला तेव्हा पहिली आली ती कोंदट उंदरांची घाण. मग दिसला काळा जुडगा, माझ्या मांडीएवढा जाड. मी खाली बसून एकेक वायर हाताने वेगळी करायला लागलो. वरच्या थरात टीव्हीची जुनी कोअॅक्सियल केबल, तिची टोकं तोडून तशीच लोंबत सोडलेली. त्याखाली निळी लॅन केबल, जी फायबर आल्यावर कुणी काढलीच नाही. मध्ये टेलिफोनच्या तांब्याच्या जोड्या, ज्या मी ओळखायला डोळे मिटले तरी चालेल. आणि सगळ्यांत मागे, भिंतीला चिकटून, दोन बारीक काळ्या फायबर केबल. संपूर्ण विंगचं इंटरनेट त्या दोन केबलवर चाललं होतं.

आम्ही मोजलं. त्या मजल्यावरून ६१ वायरी जात होत्या, त्यातल्या जिवंत १९. बाकी ४२ मेलेल्या. डक्ट खरोखर भरलेला होता, तो खोटं बोलत नव्हता. पण भरला होता कचऱ्याने, आणि कचरा काढायची गरज ज्याला होती त्याच्याकडे किल्ली नव्हती. ज्याच्याकडे किल्ली होती त्याला तो काढून काहीच मिळणार नव्हतं, उलट गमवायचंच होतं. सामाईक सोयीवर एकाचा ताबा असला की 'जागा नाही' हे उत्तर असंच तयार होतं. वीज, गॅस, रेल्वे, कुठेही पाहा, नव्याला पहिलं उत्तर क्षमतेचंच मिळतं. ते खरं की खोटं हे कागद वाचून कळत नाही, दार उघडून आत बसावं लागतं.

तिसरं कारण जबाबदारीचं. मला तेव्हा ते सबब वाटलं. वर्षभराने ते सगळ्यांत खरं ठरलं. त्याच्याकडे नंतर येतो.

डक्टमधली मोजणी कळल्यावर पहिल्याने पवित्रा बदलला. नव्या केबलची गरजच काय, म्हणाला, माझीच वापरा की. त्याच्या फायबरवरून दुसऱ्याने सेवा द्यावी आणि प्रत्येक जोडणीमागे महिन्याला १५० रुपये द्यावेत. समितीतल्या निम्म्या लोकांना हा तोडगा पटला. भांडण मिटतंय, कुणी 'नाही' म्हणत नाहीये, मग अडचण काय?

दुसरा पोरगा माझ्या घरी आला, चहा घेतला आणि वहीच्या पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. त्याचा प्लॅन कराशिवाय ४९९ चा. त्यातला जवळजवळ अर्धा मूळ कंपनीला. उरलेल्या अडीचशेत दोन मुलांचा पगार, पेट्रोल, घरातली वायर, खांबावरची लाइन, गाळ्याचं भाडं. सगळं जाऊन हातात ८० ते ९० रुपये. "काका, १५० दिलं तर मी दर घराला साठ-सत्तर रुपयं पदरचं घालणार. किती म्हैनं घालू?" आणि पहिला स्वतःच्या गिऱ्हाइकांसाठी हेच १५० स्वतःला देणार, म्हणजे एका खिशातलं दुसऱ्या खिशात. वाट देतो म्हणायचं आणि वाटेचं भाडं असं ठेवायचं की चालणारा दमून मागे फिरेल. नकारापेक्षा हा प्रकार अवघड, कारण यात कुणी नकार दिलेलाच नसतो.

त्याच सुमारास एक आकडा माझ्या वाचनात आला आणि मी तो सभेत फळ्यावर लिहिला. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने टेलिग्राफ राइट ऑफ वे, म्हणजे केबलला वाट देण्याच्या, नियमांत दुरुस्ती केली. रस्त्यावरच्या सार्वजनिक खांबावरून केबल न्यायची तर दर खांबामागे वर्षाला १०० रुपये, असा दर त्यात ठरला. आमच्या डक्टसाठी मागितलेला दर होता घरामागे वर्षाला १८०० रुपये. ऊन, पाऊस, ट्रकचा धक्का खाणारा खांब शंभराला, आणि चार भिंतींच्या आतलं भोक अठराशेला. फरक मालाचा नाही. एका ठिकाणी दर ठरवणारा त्रयस्थ होता, दुसऱ्या ठिकाणी स्पर्धक स्वतः.

दुसऱ्याने मधल्या काळात थांबायचं नाही असं ठरवलं. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर वायर ओढली आणि बी विंगच्या बाहेरून खाली सोडली. पाच घरं चालू झाली. दोन आठवड्यांनी एका सकाळी ती वायर तुटलेली सापडली. टोक सरळ होतं, ताण येऊन तुटलेलं नव्हतं. कुणी कापली ते कळलं नाही आणि मी कुणावर आळ घेतला नाही. पण त्या दिवशी मला पक्कं कळलं की प्रश्न एका केबलचा नाही. आज हिला वाट दिली तर उद्या तिसऱ्याला, परवा चौथ्याला, आणि दर वेळी हीच कुस्ती.

मग कायदा काय म्हणतो ते शोधलं. शोधताना जे सापडलं त्याने माझी थोडी निराशाच झाली. ट्राय या दूरसंचार नियामकाने जानेवारी २०१७ मध्ये इमारतींच्या आतल्या जाळ्याबद्दल शिफारशी केल्या : कंपन्यांनी आतल्या केबल आणि डक्ट एकमेकांना वापरू द्याव्यात, एकट्यापुरते करार करू नयेत. अगदी आमच्यासाठीच लिहिल्यासारखं. पण ती शिफारस, हुकूम नव्हे. पुढे, २०२३ मध्ये, केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती होऊन केबलवाल्याला आपलं जाळं ब्रॉडबँडवाल्याबरोबर वाटून घ्यायची मुभा मिळाली. मुभा, सक्ती नाही. त्याच वर्षीच्या दूरसंचार कायद्यात सार्वजनिक जागेवरची वाट भेदभाव न करता द्यावी असं आलं, पण आमचा डक्ट खासगी. स्पर्धा कायद्याचं चौथं कलम बाजारात येऊ न देण्याला दुरुपयोग म्हणतं, मात्र त्यासाठी आधी बाजारावरचं वर्चस्व सिद्ध करावं लागतं. एका संकुलाला बाजार म्हणायचं का, या प्रश्नावरच वर्षं गेली असती.

या ठिकाणी माझी स्वतःची एक गोष्ट सांगायला हवी. २००४ साली ट्रायने सुचवलं होतं की सरकारी टेलिफोन कंपन्यांची घरापर्यंतची तांब्याची जोडी इतर कंपन्यांनाही ब्रॉडबँडसाठी खुली करावी. तेव्हा लाइन स्टाफमध्ये धास्ती पसरली. आम्ही खांबावर चढून, पावसात खड्ड्यात उतरून टाकलेली जोडी परक्याला द्यायची? मी त्याच्या ठाम विरोधात होतो. त्या वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात सक्ती आली नाही, आपसांत ठरवून करा एवढंच राहिलं. आणि आपसांत कुणी फारसं ठरवत नसतं. पहिला माझ्यासमोर "मी माझ्या पैशानं वायर टाकली" म्हणायचा तेव्हा मला माझाच वीस वर्षांपूर्वीचा आवाज ऐकू यायचा. म्हणून त्याचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. मात्र तेव्हाचं माझं मत चुकीचं होतं, हे आता मला मान्य आहे. वायर टाकणाऱ्याला त्याचा खर्च आणि रास्त नफा मिळाला पाहिजे. वायर टाकली म्हणून दुसऱ्याला कायमचं अडवायचा हक्क त्यातून निघत नाही.

आमच्या सभेत हा मुद्दा ज्यांना चटकन समजला ते शेतकरी घरातले होते. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि नदीकाठच्या पाणीपुरवठा संस्था या जिल्ह्याच्या अंगात आहेत. जॅकवेल, म्हणजे नदीकाठची उपशाची विहीर, एक, पाइप एक, पाणी पाळीने सगळ्यांना. आणि पाइप दुसऱ्याच्या रानातून न्यायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४९ आहे. शेजारी तयार नसेल तर तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, तो वाट आखून देतो आणि भरपाई ठरवतो. सी विंगमधले करवीर तालुक्यातले एक निवृत्त मास्तर उठून म्हणाले, "रान तुझं, मान्य. पण माझं पीक वाळवायचा हक्क तुला कुणी दिला? ह्ये तसंच हाय." माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा या एका वाक्याने जास्त काम केलं.

कुणीतरी मुंबईचं उदाहरण काढलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानंतर टाटांना किरकोळ ग्राहकांना वीज द्यायची वाट मोकळी झाली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने उपनगरातल्या ग्राहकांना रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घ्यायची सोय करून दिली, तारांचं वहनशुल्क भरून. तार एकाची, वीज दुसऱ्याची. आपल्याकडे हीच गोष्ट गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला ठाऊक असते. २००३ च्या वीज कायद्यातल्या मुक्त प्रवेशाखाली तो महावितरणच्या तारेवरून बाहेरची वीज आणू शकतो, आणि २०२२ पासून हरित विजेसाठी ही मर्यादा १०० किलोवॅटपर्यंत खाली आली. पण त्या तारेचं वहनशुल्क, क्रॉस सबसिडीचा, म्हणजे स्वस्त दराच्या ग्राहकांचा भार उचलायचा, अधिभार, वरचा जादा अधिभार हे सगळं बेरजेत घेतल्याशिवाय तो निर्णय घेत नाही. बिल हातात घेऊन बसलेला फाउंड्रीवाला आणि वहीत आकडे मांडणारा आमचा पोरगा, दोघांचं गणित एकच : वाट आहे का, आणि त्या वाटेने जाणं परवडतं का.

जानेवारी २०२३ च्या विशेष सर्वसाधारण सभेत ठराव झाला. डक्ट संस्थेचा. किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये, उघडायचं तर वहीत नोंद. मेलेल्या वायरी काढायच्या. आणि मुख्य भाग : तळमजल्यापासून प्रत्येक घरापर्यंतचं फायबर संस्थेने स्वतःच्या पैशाने टाकायचं. कंपन्यांनी तळमजल्यावरच्या पेटीपर्यंत यावं, पुढची वाट घराची स्वतःची. घरामागे २००० रुपये एकदाच, एकूण १ लाख ९२ हजार.

या सभेत वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला तोच सर्वांत महत्त्वाचा वाद होता. काही सभासद म्हणाले, फायबर आपलं आहे तर कंपन्यांकडून भाडं घेऊया, संस्थेला उत्पन्न होईल, लिफ्टचा खर्च निघेल. एका मोठ्या कंपनीच्या माणसाने तर खासगीत सांगूनही टाकलं होतं की पाच वर्षं दुसऱ्या कुणाला घेणार नसाल तर संकुलाचे सगळे कॅमेरे फुकट बसवून देतो. लोकांच्या डोळ्यांत चमक आली. मी त्या दिवशी आवाज चढवला, हे कबूल करतो. बिल्डरनेही हेच केलं होतं. त्याने आपली वाट ठोक रकमेला विकली होती, आपण कॅमेऱ्यांना विकणार. भाडं घ्यायला लागलो की जो जास्त देईल त्याच्याकडे आपलं मन झुकणार आणि जो जास्त देईल तो एकटेपणाच मागणार. शेवटी ठरलं ते असं : कंपन्यांकडून शून्य, आणि प्रत्येक घराकडून देखभालीत महिन्याला १० रुपये, मग इंटरनेट कुणाचंही असो वा नसो. ठराव अकरा मतांच्या फरकाने मंजूर झाला. फार मोठं मताधिक्य नव्हतं.

पहिल्याला आम्ही त्याच्या चालू फायबरची घसारा धरून किंमत देऊ केली. त्याने नाकारली. आम्ही त्याची केबल काढली नाही. त्याच्या दोन काळ्या लाइनी जिथे होत्या तिथेच राहिल्या. त्या वर्षीही गणपतीची त्याची वर्गणी आली, थोडी उशिरा.

मेलेल्या वायरी काढायला दोन दिवस लागले आणि भंगार न्यायला छोटा टेम्पो आणावा लागला. मार्चमध्ये फायबर टाकून झालं. तळमजल्यावर प्रत्येक विंगला एक पेटी, आत फायबरची ३२ हिरवी टोकं, प्रत्येकावर फ्लॅटचा नंबर. दुसरा आला, जूनमध्ये तिसरी आली.

आणि मग पहिल्याचं ते तिसरं कारण आमच्या गळ्यात आलं. पेटीला कुलूप होतं, पण एकदा उघडली की आत कुणी काय करायचं हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. एखाद्या घराने कंपनी बदलली की नव्या कंपनीचा पोरगा यायचा, जुन्याची पिवळी दोरी, म्हणजे जोडणीची बारीक फायबर, उपसून आपली खोचायचा. घाईत शेजारचीही निघायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका संध्याकाळी सी विंगमधली सात घरं एकदम बंद पडली. दोन्ही कंपन्या म्हणाल्या आमच्याकडून सगळं ठीक आहे. मीटर लावून पाहिलं तर एका टोकाला प्रकाशाची ताकद उणे ३१ डीबीएम आली. साधारण उणे १९-२० असायला हवी, उणे २७-२८ च्या खाली गेली की घरातलं यंत्र आंधळं होतं. पेटीत खाली पाहिलं तर कुणीतरी सात दोऱ्या एकत्र घेऊन झिपटायने करकचून बांधल्या होत्या, इतक्या की फायबरची काच आत वाकली होती. कापली, सैल केली, सातही घरं परत आली. पाच मिनिटांचं काम. पण ते करायचं कुणी, हे ठरलेलं नसल्याने लोक तीन तास अंधारात होते.

वाट खुली करणं हा एका दिवसाचा ठराव नसतो, हे मी त्या रात्री शिकलो. जाळं सगळ्यांचं असलं की ते कुणाचंच नसतं, जोवर एका माणसाच्या अंगावर ते टाकलेलं नसतं. आता संस्थेच्या वायरमनशिवाय पेटीतल्या दोऱ्यांना कुणी हात लावत नाही. कंपनीने दोरी त्याच्या हातात द्यायची, तो खोचणार, आधीचं आणि नंतरचं रीडिंग वहीत लिहिणार. तीन कंपन्यांच्या दोऱ्यांना तीन रंगांच्या पट्ट्या. त्याचे पैसे त्या दहा रुपयांतून जातात. गंमत म्हणजे हा नियम लागू झाल्यावर चार महिन्यांनी पहिला स्वतःहून आला आणि म्हणाला, मलाबी पेटीत जागा द्या. त्याच्या जुन्या लाइनीची दुरुस्ती त्यालाच करावी लागत होती, आमच्या फायबरची आम्ही करत होतो. त्याच्या दोन काळ्या केबल मी स्वतः सोडवून त्याला परत दिल्या.

२०२४ च्या मार्चअखेर मोजलं तेव्हा ४१ घरं पहिल्याकडे होती, ३३ दुसऱ्याकडे, १४ तिसरीकडे आणि ८ घरांत फक्त मोबाइल. पहिला संपला नाही, अजूनही सगळ्यांत मोठा तोच आहे. दर लोकांना वाटला होता तेवढा उतरला नाही. बदलला तो फोन उचलायचा वेग. पूर्वी तक्रारीला दोन-तीन दिवस जायचे, आता पहिल्याचा पोरगा त्याच संध्याकाळी येतो. मला हा फायदा दराच्या फायद्यापेक्षा मोठा वाटतो.

आमची पेटी कुठपर्यंत पुरते तेही लवकरच दिसलं. जुलै २०२४ मध्ये पंचगंगा पुन्हा धोका पातळीच्या वर गेली. एका दुपारी पहिला आणि दुसरा दोघेही एकाच मिनिटाला बंद पडले. लोक म्हणाले, दोन कंपन्या असून उपयोग काय? मी दोघांनाही फोन लावला तेव्हा कळलं की शहरात येणारं मूळ फायबर दोघांनीही एकाच कंपनीकडून भाड्याने घेतलंय, तेच नदी ओलांडून येणारं. डक्टमध्ये आम्ही दोन वाटा केल्या होत्या, नदीवर वाट एकच होती. तिसरीचं फायबर कागलच्या बाजूने येतं, ती चालू राहिली. त्या दोन दिवसांत तिसरीच्या चौदा घरांत शेजारपाजारची पोरं लॅपटॉप घेऊन बसली होती.

त्यानंतर आम्ही कंपन्यांना पेटीत जागा देताना एक प्रश्न लेखी विचारतो : तुमची मूळ लाइन कुठल्या बाजूने येते? उत्तर सूचना फलकावर लावतो. कंपनी निवडताना लोक ते वाचतात. आणि महापालिकेला पत्र दिलं आहे की आमच्या रस्त्याचं काम पुढच्या वेळी निघेल तेव्हा कडेने एक रिकामा पाइप टाकून ठेवावा, जो कुणा एकाच्या नावावर नसेल.

मागच्या महिन्यात पलीकडच्या संकुलाचे सचिव आमच्या ठरावाची प्रत मागायला आले. त्यांच्याकडेही बिल्डरचा करार निघालाय, वकील पाहिलेत, खर्चाचा अंदाज काढलाय. मी प्रत दिली आणि टॉर्च घेऊन त्यांच्याबरोबर त्यांच्या इमारतीत गेलो. तिसऱ्या मजल्यावर जिन्याशेजारी तसंच पत्र्याचं दार होतं, गंजलेलं कुलूप होतं. किल्ली कुणाकडे असते, हे वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, मी इथं लागल्यापासून ह्ये दार उघडलेलं बघितलं न्हाई.